लिंबाएवढं फुप्फुस

नवजात बाळांचा व्हेंटिलेटर चाचणीत श्वास उशिरा देत होता. वेग वाढावा म्हणून त्याचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या ऋजुताने त्यातलं प्रत्येक फंक्शन, म्हणजे एकेक काम करणारा तुकडा, 'इनलाइन' केलं होतं, म्हणजे त्याला बोलावण्याऐवजी त्याचा कोडच जागोजागी चिकटवला होता. तरी उशीर वाढतच गेला.

निवृत्तीला आलेल्या शेवडे मॅडमनी चिपला जाणाऱ्या सूचना ओळीओळीने वाचल्या आणि एक सोडून सगळे इनलाइन काढून टाकले.

"मॅडम, आता आणखी हळू होईल!"

"अगं, एवढा फुगलेला कोड चिपच्या चपळ मेमरीत मावतच नाही, सारखा संथ मेमरीतून आणावा लागतो. दर श्वासाला हजारदा लागतं, तेवढंच चिकटव. बाकीची बोलावली की येतील."

नवा कोड चढवल्यावर चाचणीयंत्राने बाळासारखा क्षीण श्वास ओढला. त्याच क्षणी व्हेंटिलेटरने हवा दिली आणि यंत्राला जोडलेलं लिंबाएवढं रबरी फुप्फुस फुललं.

ऋजुता आकडे बघायचं विसरली. तिने त्या फुप्फुसावर अलगद तळहात ठेवला.