शेवटच्या डावातला आवाज

स्क्रीन उजळली, कंपनीचं चिन्ह आलं आणि पुन्हा अंधार झाला. परमेश्वरनं मशीन उलटं केलं आणि मागचे स्क्रू परत काढायला घेतले.

हातात धरून गेम खेळायचं ते मशीन विहिरीच्या गाळातून काढलेलं होतं. त्याचा मालक अमरसिंह त्याच विहिरीत बुडून मेला, त्याला महिना होत आला होता. कठड्यावर बसून खेळत होता, तोल गेला, असं सगळे सांगत. त्याची थोरली बहीण रोहिणी कडा गावात दिलेली. दिवसकार्य उरकल्यावर ती मशीन रुमालात गुंडाळून केजला आली.

आधी ती समोरच्या नव्या शोरूममध्ये गेली होती. तिथल्या माणसानं मशीन हातात न घेताच सांगितलं, की ही कंपनी बाजारातून उठली, हिच्या सॉफ्टवेअरकडं आता कुणी बघत नाही; जुनं देऊन नवीन घेऊन जा, दुप्पट पळतं. रोहिणी तशीच रस्ता ओलांडून परमेश्वरच्या दुरुस्तीच्या दुकानात आली.

शोरूमवाला खोटं बोलत नव्हता. हे मॉडेल आलं तेव्हा गाजलं होतं. पण पाठोपाठ दुसऱ्या कंपन्यांनी हलकी आणि वेगवान मशीनं काढली आणि याला कुणी विचारेना. मोठा गेम लावला की तापायचं, बॅटरी बघता बघता उतरायची. कारण त्याच्या सॉफ्टवेअरला एक खोड होती. खेळ चालू असला की शेवटची काही मिनिटं ते आपोआप साठवून ठेवायचं. चित्रही आणि खेळणाऱ्याचा आवाजही. गिऱ्हाइकांना ते नको होतं. रोहिणीला तेवढंच हवं होतं.

"मला मशीन नको, दादा," ती म्हणाली होती. "त्याचा आवाज तेवढा काढून द्या. फोनवर कधी धड बोलला न्हाई माझ्याशी. कवाबी बघावं तर गेममधीच."

परमेश्वरनं जीव लावून काम केलं. अमरसिंह त्याचं जुनं गिऱ्हाईक. बटण बसलं, आवाज गेला, अशी काहीतरी निमित्तं काढून यायचा आणि कुठलं मशीन किती पळतं यावर वाद घालत बसायचा. शोरूममधली नवी मशीनं हाताळून यायचा आणि त्यांना नावं ठेवायचा. परमेश्वरनं बोर्ड धुतला, वाळवला, गंजलेले सांधे नव्यानं जोडले. पण साठवणीची चिप पाण्यानं खाल्ली होती. तिच्यात चित्र नव्हतं, आवाज नव्हता, काहीच नव्हतं. संध्याकाळी रोहिणीला फोन करून खरं ते सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं.

दुपारी दुकानापुढं जीप थांबली. अमरसिंहाची काकू, वच्छलाबाई, खाली उतरल्या. त्यांचा सालगडी हरिबा जीप चालवत होता, तो आतच बसून राहिला.

आईबाप लहानपणीच गेल्यावर या भावंडांना वच्छलाबाईंनी वाढवलं होतं. दिराची सगळी बागायत अमरसिंहाच्या नावावर. पोरगं आता कुठं हाताशी येत होतं, तर हे असं झालं आणि एवढ्या जमिनीचा भार पुन्हा एकट्या बाईवर पडला, म्हणून सारं गाव हळहळत होतं.

स्टुलावर बसून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. रोहिणी फोनवर काहीबाही बोलत होती, म्हणून विचारायला आले, असं म्हणाल्या. या डबीत पोराचा आवाज राहतो, हे खरं का?

परमेश्वर म्हणाला, "ऱ्हातो, मावशी. खेळताना शेवटी जे बोलनं झालं आसंल, ते ऱ्हातं."

त्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला. त्यांनी तो न पिताच खाली ठेवला. मशीनकडं बोट केलं.

"मंग, तुमी ऐकला का?"

परमेश्वरला नाही म्हणवेना. रोहिणी तरणी आहे, तिला खरं सोसेल. पण ही बाई एवढ्या उन्हात आशेनं आलेली. हिला एक बरा शब्द दिला तर कुणाचं काय जातं? पुढं ऐकवा म्हणाली, तर बिघडलं म्हणून सांगता येईल.

"ऐकला."

"काय म्हनत हुता?"

"तुमालाच हाका मारत हुता. काकू, काकू, म्हनून. शेवटपतुर."

वच्छलाबाईंचं रडणं थांबलं. त्यांनी तोंड पुसलं. मग हळू आवाजात विचारलं, की रोहिणीला हे सांगितलं का.

"न्हाई आजून. पयले तुमालाच."

"बरं केलं."

त्याचं आणखी कुठं काही काढून ठेवलंय का, तेही त्यांनी विचारलं. नाही, जे आहे ते यातच, असं परमेश्वर म्हणाला. तेव्हा त्या उठल्या. रोहिणी आज मळ्यातल्या घरी आली आहे, म्हणाल्या. तुम्ही चला, तुमच्या तोंडानं तिला सांगा, पोरीच्या जिवाला बरं वाटेल; हरिबा परत आणून सोडील.

परमेश्वर जरा अडचणीत आला. पण रोहिणीला बाजूला घेऊन खरं सांगता येईल, असा त्यानं विचार केला. मशीन रुमालात गुंडाळलं, शटर ओढलं आणि तो जीपमध्ये मागं, वच्छलाबाईंच्या शेजारी बसला. एका म्हाताऱ्या जिवाला आपण थोडा आधार दिला, या समाधानात तो होता.

वाटेत वच्छलाबाई मायेनं चौकशी करत होत्या. घरी कोण असतं, येताना कुणाला सांगितलं का. घरी कुणीच नसतं, एकटाच राहतो, तो म्हणाला.

मळ्यातलं घर आलं. दाराला कुलूप होतं, अंगणात कुणी नव्हतं. जीप तिथं थांबली नाही. मागं न बघता हरिबानं विचारलं,

"बाई, ह्यालाबी हिरीवरच न्यायचं का?"