भागीदारी

सरकार आणि एका कंपनीनं मिळून कोडोलीत संगणक केंद्र थाटलं. आता सातबारा तिथंच मिळणार, तलाठ्याची मनधरणी संपली, म्हणून केरबा सकाळीच रांगेत जाऊन उभा राहिला. बघतो तर पुढं खुद्द तलाठी भाऊसाहेब, स्वतःच्या रानाचा उतारा न्यायला आलेले!

"सर्व्हर डाऊन हाय. उद्या या," खिडकीतली ऑपरेटर क्रांती म्हणाली.

"अगं, मी तलाठी हाय!"

"असू दे की. कंपनीला सगळी सारखीच."

केरबा हसतहसतच घरी आला.

"झालं वाटतं काम?" बायकोनं, झुंबरबाईनं विचारलं.

"न्हाय."

"मग एवढं हसाय काय झालं?"

"इतकी वर्सं हेलपाटं मी एकटाच घालत हुतो. उद्यापासनं भाऊसाहेब जोडीला हायत!"