कच्च्या स्लॅबचे टेकू

सगुणाने पुढे केलेला पाण्याचा तांब्या घोलप ठेकेदारांनी हातात घेतला, आणि न पिताच खाली ठेवला. आठवड्यापूर्वी त्यांच्या कामावरचा स्लॅब कोसळला आणि तिचा नवरा, त्यांचा जुना गवंडी, त्याखाली सापडून गेला.

स्लॅब अजून कच्चा होता. दुसऱ्या कामावर फळ्या हव्यात म्हणून टेकू काढायला घोलपांनीच त्याला फोनवर सांगितलं होतं. विम्याच्या एजंटाने मात्र कालच बजावलं होतं, "साहेब, चूक कबूल केलीत तर विमा कंपनी हात वर करील. मग त्या बाईलाही काही मिळणार नाही."

"मालक, लोक म्हणतात, ह्यांनीच पिऊन टेकू काढले," सगुणा म्हणाली. "वीस वर्षं तुमच्या हाताखाली होते. तुम्हाला कधी वास तरी आला का?"

घोलपांनी दारात भांडी घासणाऱ्या तिच्या लेकीकडे पाहिलं. खरं ओठांवर आलं होतं. ते गिळून घोलप म्हणाले, "चौकशी चालू आहे, ताई."

सगुणाने भरलेला तांब्या उचलला. मग लेकीला आत बोलावून म्हणाली, "शाळेत कुणी बाबांबद्दल काही बोललं, तर आता भांडू नकोस."