भर चढाईत

"पाच सामने हरलो, वासंतीताई. आजचाही गेला तर नवा प्रशिक्षक आणणार," कबड्डी संघाचे व्यवस्थापक मुळीक म्हणाले. "जुना मग बंदच करायचा."

जुना म्हणजे तिचे वडील. ते जाऊन वर्ष झालं होतं. जुन्या सामन्यांच्या ध्वनिमुद्रणांवरून यंत्राने घडवलेला त्यांचा आवाज आता खेळाडूंच्या कानात बोलायचा.

"गुरुजी पूर्वी शिव्या घालायचे," कर्णधार हणमंत म्हणाला. "हल्ली म्हणतात, जपून जा, लवकर माघारी ये. काल तर भर चढाईत विचारलं, जेवलास का?"

मुळीक हसले. वासंतीला हसता येईना. आजारपणात बाबांनी तिच्याशी मारलेल्या गप्पा तिनेच गुपचूप यंत्रात घातल्या होत्या. तेव्हापासूनच तो आवाज तिला ओळखू लागला होता.

सामन्याला तासभर होता. ती एकटीच यंत्रापुढे बसली. त्या गप्पा पुसल्या, तरच गुरुजी पूर्वीसारखे होणार होते.

"कोण, वासू? जेवलीस का?"

"हो बाबा, पोटभर," सकाळपासून उपाशी असलेली वासंती म्हणाली आणि तिने बटण दाबलं.

क्षणभराने आवाज कडाडला, "कोण आहे तिथं? सामना तोंडावर आलाय. बाहेर व्हा!"