पहिलं दोन मिली दूध

चार दिवसांच्या बाळाला सहा नळ्या जोडल्या होत्या. दूध एकीतूनही जात नव्हतं. हृदयाचा जन्मजात दोष शस्त्रक्रियेनं दुरुस्त झाला होता, पण आतड्यांना अजून पुरेसं रक्त पोचत नव्हतं.

आत्यानं मोगऱ्याचे गजरे आणले. "छातीला बांध, प्रज्ञा. दूध आटेल. उगाच काढून कुणासाठी ठेवतेस?"

"गजरे तूच माळ, आत्या. माझं बाळ पिणार आहे." प्रज्ञानं पुन्हा पंप लावला.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी बाळाच्या पोटाची सोनोग्राफी केली. आतड्यांचा रक्तप्रवाह वाढला होता.

"दोन मिली देऊन बघू. पचलं नाही तर थांबावं लागेल."

नाकातल्या नळीतून दूध गेलं. तीन तासांनी, न पचलेलं किती उरलंय ते पाहायला नर्सनं त्याच नळीला सिरिंज लावून ओढली.

शून्य मिली.