जिन्याचं वळण

थोरल्या नातीचं बारसं झालं त्या वर्षी आमची चाळ पाडून नवी इमारत बांधायचं ठरलं. नकाशाचं काम मिळवायला आलेली मोठ्या कंपनीची पोरं टॅबवर माणसं, पंखे मोजून गेली.

मग दोन माणसांच्या ऑफिसातल्या आर्किटेक्ट तांबोळी बाई आल्या. "काही विचारायचं राहिलंय का?"

"मेल्यावर मला जिन्यातून उभा करून नेणार काय?" हे म्हणाले.

बाईंनी चौकात खडूनं जिना आखला. हे शिडीवर निजले. माझ्या दिरासह चौघांनी उचललं.

"हळू रे, अजून जित्ता हाय!"

वळणावर शिडी खडूच्या रेघेला अडली. बाईंनी रेघ पुसून वळण रुंद केलं.

काम मोठ्या कंपनीलाच मिळालं, पण वळणाचं माप त्यांनी बाईंकडून मागून घेतलं.

नव्या जिन्यातून पहिली तिरडी न अडता उतरली. पुढचा खांदा ह्यांचा होता. दीर वारले, राहायला गेल्यावर पहिल्याच श्रावणात.