खिडकीची उंची

परसदाराची कडी वाजली, तेव्हा कुठे रहीम मिस्त्रींनी मान वर केली. राखेच्या रेघांनी त्यांनी परसात एक खोली आखली होती. दारात तोंडाशी पदर धरून सुगंधा उभी होती. तिला क्षय झाला होता; लेकीपासून वेगळं राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

ती म्हणाली, “खिडकी खाली घ्या, भाऊ. यमूचं तोंड दिसलं पायजे मले.”

“इतकी खाली? वाघाले आवतन देता का, बाई?”

“गज बसवा. पन खालीच घ्या.”

मिस्त्रींनी हाताची राख झटकली. त्यांनी परसात खेळणाऱ्या यमूला घराच्या भिंतीशी उभं केलं आणि तिच्या हनुवटीशी कोळशाने खूण केली.

यमूने टाचा उंचावल्या. “माय, मी उंच झाली का मंग खिडकी वर करशीन ना?”